बँडचं वकीलपत्र

ताई, नमस्कार.

मी 46 वर्षांचा. अठराव्या वर्षी एका मित्राने कॅसेट ऐकायला दिली आणि तेव्हापासून, म्हणजे 28 वर्षं, मी एकाच रॉक बँडचा चाहता आहे. बँडचं नाव लिहीत नाही, लिहिलं की लोक लगेच बाजू घेतात. मूळ पाच जणांतले आता दोघेच उरलेत. माझ्याकडे एक वही आहे. प्रत्येक अल्बम पहिल्यांदा ऐकल्याची तारीख आणि तेव्हा काय वाटलं, हे मी तिच्यात लिहितो. जुन्या अल्बमना दीड-दीड पान आहे. शेवटच्या तिन्हींसमोर एकच शब्द, 'ठीक'. पण चारचौघांत मी ते तिन्ही जीव तोडून वाखाणतो. गायकाचा आवाज बसला असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. आम्ही चार मित्र, चौघांची मैत्रीच या बँडमुळे झालेली. त्यातल्या एकाने दोन वर्षांपूर्वी 'हे आता आपले नाहीत' म्हणून ऐकणंच सोडलं. त्याच्याशी मी धड बोलत नाही.

आता बँडचा दौरा जाहीर झालाय, 'शेवटचा' म्हणतायत. सवयीने पहिल्याच दिवशी मी दोन तिकिटं काढली. त्या रात्री बायकोने सहज विचारलं, "तू यांचं गाणं स्वतःहून, नुसतं ऐकायला म्हणून शेवटचं कधी लावलंस?" मला आठवेना. तेव्हापासून झोप उडालीय. मी अजून चाहता आहे का? नसलो तर इतकी वर्षं काय केलं? आणि कॉन्सर्टला जाऊ की नको?

– वहीवाला

वहीवाले,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दोनदा उत्तर लिहायचं म्हणून, आणि तिसऱ्यांदा जरा चोरासारखं, कारण माझाही एक बँड आहे. 24 वर्षं झाली. तुम्ही नाव सांगितलं नाहीत, मीही सांगत नाही, फिट्टंफाट.

आधी वहिनींच्या प्रश्नाबद्दल. त्यांनी तो सहज विचारला असं तुम्ही म्हणता. मला नाही तसं वाटत. घरात काय वाजतं आणि काय वाजेनासं झालंय, हे घरातल्या दुसऱ्या माणसाला आपल्याआधी कळतं. गाणी बंद झाली आणि गाण्यांवरून होणारे वाद मात्र चालूच राहिले, हे त्यांनी कधीच टिपलं असणार. तिकिटांच्या निमित्ताने बोलल्या, एवढंच.

आणि आता तुमच्या त्या 'ठीक'कडे येऊ. सगळ्या पत्रात मला तोच शब्द खुपला. गायकाचा आवाज, गेलेले तीन सदस्य, रुसलेला मित्र, हे सगळं नंतर. ज्या माणसाने एकेका अल्बमवर दीड-दीड पान लिहिलं, त्याला तीन अल्बमांत मिळून तीनच शब्द सुचावेत? तेही तेच? न आवडलेल्या गोष्टीवर माणूस भरभरून लिहितो. खरं तर आवडलेल्यापेक्षा जास्तच लिहितो. 'ठीक' मात्र तो तेव्हाच लिहितो जेव्हा त्याने नीट ऐकलेलं नसतं, किंवा ऐकताना एक कान गाण्याकडे आणि दुसरा 'आता लोक काय म्हणणार' याच्याकडे असतो.

एखाद्याचं वकीलपत्र घेणं असं आपण म्हणतो. तुम्ही या बँडचं वकीलपत्र घेतलंय. कधी घेतलंत ते मला पत्रातून कळलं नाही, पण माझा अंदाज विचाराल तर मूळ पाचांतला दुसरा किंवा तिसरा माणूस गेला त्या सुमाराला. तोवर बचावाची गरजच नव्हती. वकिलाला अशील आवडलाच पाहिजे असं नसतं. किंबहुना अशिलाचं फार खोलात जाऊन ऐकलं तर बचाव लटका पडायचा धोका असतो. म्हणून तुम्ही ऐकणं थांबवलंत आणि बाजू मांडत राहिलात. फी नाही, अशिलाला तुमचं नावही माहीत नाही, आणि तारखा संपता संपत नाहीत.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही, स्वतः केलंय म्हणून सांगतेय. माझ्या बँडचा एक अल्बम सगळ्यांनी मोडीत काढला होता. एका संध्याकाळी पाच-सहा जणांत विषय निघाला आणि मी सुरू झाले. लोकांना प्रयोग पचत नाहीत, पहिल्या ऐकण्यात कळायचाच नाही, बेस गिटार कशी पुढे आणलीय बघा, वगैरे. अर्धा तास तरी बोलले असेन. मग एका मुलीने, विशी-बाविशीची असेल, अगदी मनापासून विचारलं, "मग यातलं कुठलं गाणं आधी ऐकू?" आणि मला त्या अल्बममधल्या एकाही गाण्याचं नाव आठवेना. तोंड उघडं ठेवून बसले होते. शेवटी "सलगच ऐक, तुकड्यात मजा नाही," असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी येऊन पाहिलं तर पहिली तीन गाणी झाल्यावर मी तो अल्बम पुन्हा लावलेलाच नव्हता.

तेव्हापासून मी चाहत्यांची चिडचिड जरा वेगळ्या कानाने ऐकायला लागले. 17 मे 1966 ची मँचेस्टरमधली गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. अमेरिकन गायक बॉब डिलनने पहिल्या अर्ध्या भागात एकट्याने, साध्या गिटारवर गाणी म्हटली. उत्तरार्धात इलेक्ट्रिक गिटार आणि मागे अख्खा बँड घेऊन आला. लोकगीतांसाठी आलेल्या श्रोत्यांत चुळबूळ सुरू झाली आणि गाण्यांमधल्या शांततेत कोणीतरी ओरडलं, "जूडस!" म्हणजे विश्वासघातकी. डिलननेही स्टेजवरून "तू खोटारडा आहेस" असं सुनावलं आणि साथीदारांना मोठ्याने वाजवायला सांगितलं. (या कार्यक्रमाचं चोरटं रेकॉर्डिंग कित्येक वर्षं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचं म्हणून हातोहात फिरत होतं. 1998 मध्ये ते अधिकृतपणे बाहेर आलं तरी जुनं चुकीचं नाव अवतरणात का होईना टिकलंच. आपण चाहते लेबलांच्या बाबतीत किती हट्टी असतो त्याचा हा नमुना.) मुद्दा असा की त्या ओरडणाऱ्याचं मत चुकलं होतं असं आज बहुतेक जण म्हणतील. पण तो ऐकत होता. प्रत्येक सूर त्याला टोचत होता. तुमच्या 'ठीक'मध्ये टोचणंही नाही.

किंवा मेटॅलिका बँडचा 2003 चा 'सेंट अँगर' हा अल्बम घ्या. त्यातल्या स्नेअर ड्रमच्या, म्हणजे खाली तारा ताणलेल्या, कडाडणाऱ्या ड्रमच्या, खालच्या तारा सैल सोडल्या होत्या, त्यामुळे तो रिकाम्या पत्र्याच्या डब्यासारखा टणटणतो. यावर चाहत्यांनी जेवढा दंगा केला तेवढा क्वचितच कुठल्या ड्रमवर झाला असेल. ज्यांनी केला ते पाठ फिरवलेले लोक नव्हते. वीस वर्षं तो बँड ऐकून ज्यांचे कान तयार झाले होते, त्यांनाच त्या तारांचं नसणं इतकं लागलं. बाहेरच्या माणसाला सांगून बघा, त्याला स्नेअरला तारा असतात हेच माहीत नसतं.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: चाहते आहात की नाही हे मला आज सांगता येणार नाही, कारण बऱ्याच दिवसांत तुम्ही ऐकलेलंच नाही. आधी ऐका, मग बघू. ते कसं करायचं ते खाली लिहिते. त्याआधी त्या मित्राचा विषय काढते, कारण तो मला जास्त तातडीचा वाटतो.

'हे आता आपले नाहीत' असं तो म्हणाला. बँड म्हणजे नेमकं कोण, यावर लोकांनी मैत्र्या मोडल्यात, तेव्हा तुम्ही पहिले नाही. पण या वादात सरळ उत्तर कुठेच सापडत नाही. डीप पर्पल पाहा. त्यांचे चाहते लाइनअपना, म्हणजे त्या-त्या वेळच्या सदस्यांच्या संचांना, चक्क क्रमांक देतात, मार्क वन, मार्क टू, मार्क थ्री. 1968 पासूनच्या प्रत्येक लाइनअपमध्ये असलेला माणूस एकच, ड्रमर इयान पेस. मूळ माणसं किती उरली हाच निकष लावला, तर तो अख्खा बँड ड्रममागच्या एका स्टुलावर उभा आहे. आणि गंमत म्हणजे बहुतेक लोक ज्याला 'खरा डीप पर्पल' म्हणतात तो मार्क टू, म्हणजे मुळात दुसराच. त्या वेळीही पहिल्यांचे चाहते असतीलच की, नाक मुरडणारे.

एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट 19 फेब्रुवारी 1980 ला गेला. त्याच वर्षी जुलैत ब्रायन जॉन्सनला घेऊन त्यांनी 'बॅक इन ब्लॅक' काढला. कव्हर पूर्ण काळं, सुरुवात घंटेच्या टोलांनी. मधे फक्त पाच महिने. फेब्रुवारीत ज्याने 'संपलं' म्हणून दार लावून घेतलं त्याचं दुःख खोटं होतं का? आणि जुलैत जो तो काळा अल्बम छातीशी धरून घरी गेला तो कृतघ्न होता का? मला दोघांपैकी एकालाही दोष देता येत नाही. उलट लेड झेपेलिननी ड्रमर जॉन बॉनहम गेल्यावर काही आठवड्यांतच, 4 डिसेंबर 1980 ला, निवेदन काढून थांबायचं ठरवलं. 2007 च्या डिसेंबरात लंडनला एका रात्रीपुरते एकत्र आले, ड्रमवर बॉनहमचाच मुलगा जेसन. लोकांना वाटलं आता दौरा होणार. गायक रॉबर्ट प्लांटने नकार दिला. त्यावरही त्यांचे चाहते आजतागायत भांडतात, थांबले म्हणून!

मला स्वतःला क्वीन बँडची रीत भावते. गायक फ्रेडी मर्क्युरी 1991 मध्ये गेला, बेस वाजवणारा जॉन डीकन 1997 नंतर या सगळ्यातून बाजूला झाला. ब्रायन मे आणि रॉजर टेलर वाजवत राहिले, पण पाटीवर नाव येतं 'क्वीन + अॅडम लॅम्बर्ट'. त्याआधी पॉल रॉजर्स गायचा तेव्हाही असंच अधिक चिन्ह होतं. नाव ठेवलं आणि माणूस बदललाय हेही लपवलं नाही. तुमच्या बँडने पोस्टरवर असं चिन्ह लावलेलं नसेल, तर ते मनातल्या मनात तुम्ही लावा. 'आपला बँड + हे नवे तिघे.' बघा, निम्मं भांडण तिथेच गळून पडतं की नाही.

तर मित्राला फोन करा. त्याला एकच विचारा, नेमकं काय आवडलं नाही? आणि तो बोलायला लागला की मधे तोंड उघडायचं नाही. उलटतपासणी नाही, 'पण लाइव्हमध्ये ते वेगळं वाटतं' नाही, 'तू शेवटचा अल्बम पूर्ण ऐकलास का' हे तर अजिबातच नाही, कारण तो प्रश्न तुमच्यावरच उलटेल. माझी खात्री आहे की त्याच्याकडे तुमच्या वहीतल्या दीड पानाएवढं बोलायला असेल. तो सोडून गेला, पण जाताना ऐकत ऐकत गेला. तुम्ही थांबलात, पण कान बंद करून. या दोन वर्षांत चौघांपैकी जास्त एकनिष्ठ कोण, यावर मी पैज लावणार नाही.

गायकाच्या आवाजाबद्दल तुमचं डोकं फिरतं म्हणता. अहो, बसला असेल आवाज. साठी-सत्तरीत बसतो. स्वरतंतू हा शरीराचाच भाग आहे, वयाबरोबर त्यांची लवचीकता कमी होते, वरच्या सुरांवर पकड सुटते आणि श्वासही पूर्वीइतका पुरत नाही. स्टुडिओत पंचविशीत एकदा मारलेली किंकाळी पुढची चाळीस वर्षं रोज रात्री मारायची, ही मागणी मुळात कोणाही गळ्याला झेपणारी नाही. त्यावर बँड काय उपाय करतात ते तुमच्यासारख्याला सांगायला नको, पण तुम्ही त्याकडे डोळेझाक करताय म्हणून सांगतेच. गिटारी अर्धा स्वर किंवा पूर्ण स्वर खाली लावतात, म्हणजे गाण्याची पट्टीच उतरते. तारा जरा सैल पडतात आणि तेच रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून, जड, गडद वाजायला लागतं. कोरसची वरची ओळ बेसवाला नाहीतर कीबोर्डवाला उचलतो. किंचाळायची जागा आली की मायक्रोफोन श्रोत्यांकडे फिरतो. दोन गाण्यांमध्ये लांब गिटार सोलो येतो, तो सोलो कमी आणि गायकाची विश्रांती जास्त. काही जण मागून आधीच रेकॉर्ड केलेला आवाजही मिसळतात, ते मात्र मलाही खटकतं.

(एक सावधगिरी. पट्टी खाली दिसली की लगेच 'म्हातारे झाले' असंही म्हणू नका. गन्स एन' रोझेस पहिल्यापासूनच अर्धा स्वर खाली लावून वाजवत आलेत.)

यात लाज वाटण्यासारखं काय आहे? तुम्ही तो आवाज 28 वर्षं ऐकलाय. तो कुठे थकतो, कुठली ओळ आता टाळतो, कुठे शब्द खाऊन श्वास घेतो, हे तुमच्याइतकं कोणाला कळणार? ज्याला हे कळतं त्याने 'आवाजाला काही झालं नाही' म्हणून भांडायचं म्हणजे स्वतःचेच कान खोटे पाडायचे. कोणी म्हणालं आवाज बसलाय, तर म्हणा, "हो, बसलाय. पण मधल्या सप्तकात आता जो खरखरीतपणा आलाय तो ऐकलास का?" हे खरंच वाटत असेल तरच म्हणा. नसेल वाटत तर नुसतं 'हो' पुरे.

'इतकी वर्षं काय केलं' हा तुमचा प्रश्न मला थोडा नाटकी वाटला, रागावू नका. रात्री दोन वाजता सगळेच प्रश्न नाटकी होतात. त्याचं उत्तर वहीत आहे. दीड-दीड पानं कोणी लिहिली? ती तेव्हा खरी होती आणि पुढचे अल्बम कसेही निघाले तरी त्यातली एक ओळ खोडली जात नाही. अठराव्या वर्षी ऐकलेलं इतकं घट्ट का बसतं, याचीही एक साधी बाजू आहे. माणसांना उतारवयात आयुष्य आठवायला सांगितलं तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सगळ्यात जास्त निघतात. मानसशास्त्रात त्याला 'रेमिनिसन्स बम्प' म्हणतात, आठवणींचा उंचवटा म्हणा हवं तर. तुमचा बँड त्या उंचवट्यावर बसलाय. चाळिशी ओलांडल्यावर आलेला कुठलाही अल्बम, कितीही चांगला असला, तरी तिथे चढू शकत नाही. दोष अल्बमचा नाही आणि तुमचाही नाही. तेव्हा नव्या अल्बमने त्या कॅसेटसारखं अंगावर काटा आणावा ही अपेक्षा सोडा. तुम्ही तुलना करताय ती दोन अल्बमांची नाहीच, ती अठराव्या आणि शेहेचाळिसाव्या वर्षाची आहे.

आणि चाहता असण्यात केवळ अल्बम असतात असं कुठे आहे? ग्रेटफुल डेडच्या चाहत्यांचं मला फार कौतुक वाटतं. ते कार्यक्रम रेकॉर्ड करायचे, टेप एकमेकांना उतरवून द्यायचे, पैसे न घेता. 1984 पासून बँडने त्यांच्यासाठी श्रोत्यांत वेगळी जागाच ठेवली, तिथे मायक्रोफोनच्या काठ्यांचं रान उभं असायचं. त्या टेपांमध्ये गाण्याइतकाच आजूबाजूचा माणूस ऐकू येतो, कोणाची शिट्टी, कोणाचं खोकणं, शेजारच्याने चुकीच्या जागी दिलेली टाळी. तुम्हा चौघांच्या मैत्रीतही असंच बरंच काही असणार, ज्याचा स्टेजवरच्या पाच जणांशी, किंवा आता दोघांशी, काही संबंध नाही. तेही 'काय केलं' यातच धरा.

बरं, आता ऐकायचं कसं ते.

एक संध्याकाळ काढा. वही घ्या, पेन घ्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. सगळ्यात लाडका अल्बम लावू नका, तो तुम्हाला पाठ आहे आणि पाठ झालेलं आपण ऐकत नाही, मनातल्या मनात म्हणतो. वहीत ज्याला भरपूर लिहिलंय पण बऱ्याच वर्षांत लावलेला नाही असा एखादा निवडा. पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत, त्यांनी लावलेल्या क्रमाने ऐका. जुनी नोंद मात्र आधी वाचू नका. ऐकून झाल्यावर नवी लिहा आणि मग दोन्ही शेजारी ठेवून वाचा. मी हे केलं तेव्हा माझ्या जुन्या नोंदीत एका गाण्याबद्दल 'शेवटची चाळीस सेकंदं, ड्रम मागे पडतो आणि गिटार त्याची वाट बघते' असं लिहिलेलं निघालं. नव्या नोंदीत मी त्याच चाळीस सेकंदांबद्दल लिहिलं होतं, 'ड्रमर चुकलाय आणि बाकीचे सांभाळून घेतायत.' दोन्ही वाचून मी एकटीच हसत बसले. गाणं आणखी आवडायला लागलं.

दुसऱ्या दिवशी 'ठीक'वाल्यांतला एक. तिन्ही एकदम नकोत. नियम एकच, 'ठीक' हा शब्द वापरायचा नाही. 'तिसऱ्या गाण्यातला कोरस चौथ्यांदा येतो तेव्हा मला घड्याळ बघावंसं वाटलं' चालेल. 'हे शब्द त्याने पंचविशीत लिहिले असते तर मी फाडून टाकले असते' हेही चालेल. आणि अचानक एखाद्या जागी थबकलात, परत मागे जाऊन तीच दहा सेकंदं ऐकलीत, तर तेही लिहा, कितव्या मिनिटाला ते लिहा. एका अल्बमात अशी एक जागा सापडली तरी मला पुरे. नाही सापडली तर 'नाही सापडली' असं लिहा आणि चारचौघांत तेवढंच बोला. इतर दोन मित्र काय म्हणतील याची काळजी करू नका. माझा संशय असा आहे की त्यांच्याही मनात 'ठीक'च आहे आणि तेही तुम्हाला घाबरून आहेत.

जायचं का? जा.

'शेवटचा दौरा' या शब्दावर विसंबून जा असं म्हणत नाही. मॉटली क्रूच्या चौघांनी 2014 मध्ये पत्रकारांसमोर कायदेशीर करारावर सह्या केल्या होत्या, 2015 नंतर पुन्हा दौरा करणार नाही म्हणून. 2019 मध्ये त्यांनी पुनरागमन जाहीर केलं आणि व्हिडिओत तो करार चक्क स्फोटात उडवून दिला. किसनेही 2000 मध्ये एक निरोपाचा दौरा काढला होता, खरा शेवटचा कार्यक्रम झाला डिसेंबर 2023 मध्ये. तेव्हा जाहिरातीतला 'शेवटचा' हा शब्द मी तरी दुकानावरच्या 'सेल'सारखा वाचते.

पण उलटही होतं. रश या बँडने 1 ऑगस्ट 2015 ला लॉस एंजेलिसमध्ये दौऱ्यातला अखेरचा कार्यक्रम केला. तोंडभरून निरोप-बिरोप काही जाहीर नव्हतं. ड्रमर नील पिअर्ट कार्यक्रम संपल्यावर कधी पुढे यायचा नाही, वाजवून झालं की थेट आत जायचा. त्या रात्री तो ड्रममागून उठून पुढे आला आणि बाकी दोघांच्या खांद्यांवर हात टाकून वाकला. जे त्याला वर्षानुवर्षं ऐकत होते त्यांना तिथेच कळलं. जानेवारी 2020 मध्ये पिअर्ट गेला. असं काही तुमच्यासमोर घडलं, तर ते ओळखणारा माणूस सभागृहात असायला हवा, आणि 28 वर्षं वही ठेवणाऱ्यापेक्षा त्याला लायक कोण?

फक्त परीक्षक म्हणून जाऊ नका आणि बचाव पक्ष म्हणूनही नको. दौऱ्यातल्या आधीच्या कार्यक्रमांची सेटलिस्ट, म्हणजे गाण्यांची यादी, शोधू नका, पुढचं गाणं कोणतं हे माहीत नसण्याची मजा तुम्ही बहुतेक विसरला असाल. व्हिडिओ काढू नका, काढला तरी पुन्हा कोणी बघत नाही. ज्या गाण्याला पट्टी उतरवलेली असेल तिथे नव्या पट्टीत गुणगुणा, जुनीत ओढाल तर बेसूर व्हाल, आणि शेजारचा तुमच्याकडे बघेल. अर्ध्यातून उठावंसं वाटलं तर उठा. तिकीट घेतलं म्हणजे शेवटपर्यंत बसायचं वचन दिलेलं नसतं.

आणि कानांत बोळे घाला. हसू नका. आवाज 85 डेसिबलच्या आसपास असेल तर कानाला दिवसात आठ तास चालतात. पुढे दर 3 डेसिबलला ती मुदत निम्मी होत जाते. 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं उरतात, आणि रॉक कॉन्सर्ट सहज त्याच्या वर जाते. एसी/डीसीच्या त्याच ब्रायन जॉन्सनला 2016 मध्ये डॉक्टरांनी बजावल्यावर ऐन दौऱ्यातून बाहेर पडावं लागलं होतं, ठार बहिरेपणाची भीती होती. उरलेल्या कार्यक्रमांत गन्स एन' रोझेसचा गायक अॅक्सल रोज गायला. 2020 च्या अल्बममध्ये जॉन्सन परतला ही वेगळी गोष्ट. संगीतासाठी बनवलेले बोळे मिळतात, ते आवाज सगळ्याच सुरांत सारखा कमी करतात, त्यामुळे गाणं रजईखालून आल्यासारखं वाटत नाही. आत्ता कुठे तुम्ही परत ऐकायला लागणार आहात.

एक राहिलं. पत्रात तुम्ही दोन तिकिटं काढल्याचं लिहिलंय. दुसरं कोणासाठी, ते लिहायचं विसरलात, किंवा काढताना तुम्ही तेवढा विचारच केला नव्हता. प्रश्न ज्यांनी विचारला त्यांना एकदा विचारून बघा. बोळ्यांच्या जोड्या दोन घ्या.

– ताई